कोंबडी मरते, बदक पोहत राहते

अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या शेडमध्ये सकाळचे पहिले काम मरतूक उचलण्याचे. रात्रीत मेलेले पक्षी बाजूला काढायचे, मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचा. हजारो पक्ष्यांच्या शेडमध्ये रोज एक-दोन पक्षी मेले तर कोणी दचकत नाही. उष्मा असतो, चेंगराचेंगरी असते, अंडे अडकलेले असते. पण हा आकडा लागोपाठ दोन-तीन दिवस दुपटीने वाढू लागला की काहीतरी बिघडले आहे हे पोल्ट्रीवाल्याला लगेच कळते.

२००६ च्या सुरुवातीला नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रींमध्ये हा आकडा असाच चढू लागला, तेव्हा अनेकांना ती राणीखेत, म्हणजे मानमोडी वाटली. तसे वाटायला कारणही होते. दोन्ही रोगांत कोंबडी मलूल होते, अंडी घटतात, श्वास घरघरतो, डोक्याभोवती सूज येते आणि शेड भराभर रिकामी होते. केवळ डोळ्यांनी फरक सांगणे अनुभवी पशुवैद्यकालाही अवघड जाते. तो सांगितला भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेने. १८ फेब्रुवारी २००६ रोजी सरकारने जाहीर केले की हा बर्ड फ्लू आहे, एच५एन१ जातीचा. भारतातली ही पहिली नोंद. नवापूर गुजरातच्या सीमेला इतके चिकटलेले, की तिथले रेल्वे स्थानकच दोन राज्यांत विभागलेले आहे. पाठोपाठ सुरत जिल्ह्यातल्या उच्छलमध्ये, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात आणि नंतर मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरमध्येही तोच विषाणू सापडला.

कोंबडीच्या बाबतीत रोग निदान आरडाओरडा तरी करतो. तोच विषाणू बदकात शिरला तर बदक पुष्कळदा काहीच झाले नसल्यासारखे पोहत राहते. फ्लू झालेले डुक्कर आठवडाभर खोकून बरे होते. गायीला झाला तर दूध घटते आणि शंका येते ती कासदाहाची. म्हणून पशुधनातल्या फ्लूवर नजर ठेवायची म्हणजे आधी हे ठरवायचे की कोणत्या जनावरात काय पाहायचे. फक्त मेलेली जनावरे मोजत बसले तर विषाणूच्या प्रवासाचा बहुतांश भाग नजरेतून सुटतो.

विषाणू बदलतो कसा

फ्लूच्या विषाणूंचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार आहेत. बी मुख्यतः माणसांत फिरतो, सी मुळे बहुधा साधे सर्दी-पडसे होते, डी प्रामुख्याने गुरांमध्ये सापडतो. डुकरांपासून पाणपक्ष्यांपर्यंत सगळीकडे फिरणारा आणि मोठ्या साथी आणणारा तो ए. त्याच्या पृष्ठभागावर दोन प्रथिने असतात. हेमअॅग्लुटिनिन पेशीला चिकटून आत शिरण्याचे काम करते. न्यूरामिनिडेज तयार झालेले नवे विषाणू पेशीतून सोडवून बाहेर काढते. पक्ष्यांमध्ये पहिल्याचे १६ आणि दुसऱ्याचे ९ उपप्रकार पूर्वीपासून माहीत आहेत. एच५एन१, एच९एन२, एच३एन२ ही नावे त्यांच्या जोड्यांवरून पडली.

या विषाणूची जनुकीय माहिती एका सलग धाग्यात नसते, आठ वेगवेगळ्या तुकड्यांत असते. त्यामुळे तो दोन प्रकारे बदलतो. नक्कल करताना त्याच्याकडून चुका होतात आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नाही. हा बदल हळूहळू साचत जातो. दुसरा बदल एका झटक्यात होतो. दोन वेगळे फ्लू विषाणू एकाच जनावराच्या एकाच पेशीत शिरले तर आठ-आठ सुट्या पानांच्या दोन वह्या एकत्र सांडाव्यात तसे होते. बाहेर पडणाऱ्या नव्या वहीत काही पाने हिची, काही तिची. अशा अदलाबदलीतून निघालेला विषाणू बहुतेक वेळा दुबळा असतो आणि टिकत नाही. पण एखादा असा निघतो की ज्याची ओळख ना जनावरांच्या प्रतिकारशक्तीला असते, ना माणसांच्या.

कोंबडीत तो इतका जीवघेणा का ठरतो, याचे उत्तर हेमअॅग्लुटिनिनच्या एका छोट्याशा जागेत आहे. हे प्रथिन ठरावीक ठिकाणी कापले गेल्याशिवाय विषाणूला पेशीत शिरता येत नाही. सौम्य जातींमध्ये ही कापणी करणारे एन्झाइम फक्त श्वसनमार्गात आणि आतड्यात मिळते, त्यामुळे आजार तेवढ्यापुरता राहतो. एच५ आणि एच७ गटातल्या काही विषाणूंमध्ये त्या जागी काही जादा अमिनो आम्ले येऊन बसतात, आणि मग शरीरातल्या जवळजवळ कोणत्याही पेशीतले एन्झाइम ती कापणी करू शकते. विषाणू मेंदू, हृदय, स्वादुपिंड असा सगळीकडे पसरतो. तुरा निळा पडतो, पायांवर रक्ताचे ठिपके उमटतात, काही पक्षी तर लक्षण दिसण्याआधीच मरतात. सौम्य एच५ किंवा एच७ विषाणू दाट वस्तीच्या पोल्ट्रीत फिरत राहिला तर हा बदल तिथेच घडू शकतो. म्हणूनच या दोन गटांतला सौम्य विषाणू सापडला, तरी पशुवैद्यकीय यंत्रणा तो हलक्यात घेत नाहीत.

पाणवठ्यापासून पोल्ट्रीपर्यंत

ए प्रकाराचे मूळ घर म्हणजे रानटी पाणपक्षी: बदके, हंस, कुरव, किनाऱ्यावरचे चिखलपक्षी. विषाणू त्यांच्या आतड्यात वाढतो, विष्ठेतून पाण्यात जातो आणि थंड पाण्यात कित्येक आठवडे तग धरतो. उन्हात आणि कोरड्या जागी तो लवकर मरतो.

आज जगभर फिरणाऱ्या एच५एन१ चा पूर्वज १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या पाळीव हंसांत सापडला. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना त्याची बाधा झाली, त्यातली सहा दगावली. तिथल्या प्रशासनाने शहरातल्या सगळ्या कोंबड्या मारून टाकल्या. साथ तेवढ्यापुरती थांबली, विषाणू मात्र चीनच्या दक्षिण भागात राहिला. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर हजारो रानटी पक्षी मेले. त्यांत पट्टकादंब मोठ्या संख्येने होते. हा हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात भारतात येतो, जायकवाडीच्या जलाशयावरही दिसतो. छिंगहायनंतर काही महिन्यांतच हा विषाणू युरोप, आफ्रिका आणि भारतात पोहोचला.

पण सगळा दोष पाखरांवर टाकून चालत नाही. रानटी पक्षी विषाणूला नव्या प्रदेशात आणून सोडू शकतात. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये तो नेतात ती मुख्यतः माणसे आणि त्यांची साधने: अंड्यांचे परत आलेले ट्रे, पक्षी भरणारी गाडी, शेडमधले तूस-लिटर, लसीकरणाला फिरणारी टोळी, बुटाला लागलेली विष्ठा. जिवंत पक्ष्यांच्या बाजारात वेगवेगळ्या गावांच्या कोंबड्या, बदके आणि लाव्हे एकावर एक ठेवलेल्या पिंजऱ्यांत राहतात, आणि न विकले गेलेले पक्षी पुन्हा गावाकडे जातात. म्हणून अनेक देशांत नमुने कोंबडीपेक्षाही आधी बाजारातून घेतले जातात: पिंजऱ्याच्या तळातून, कापणीच्या लाकडी ठोकळ्यावरून, पंख काढायच्या यंत्रातून, पाण्याच्या भांड्यातून. एखाद्या बाजाराचा ओटा पुसलेला बोळा पंचवीस गावांची खबर देऊन जातो.

डुकरे आणि दोरखंड

डुकरांची गोष्ट वेगळी. विषाणू पेशीला चिकटतो तो तिच्यावरच्या सियालिक आम्लाच्या टोकाला. पक्ष्यांच्या आतड्यात या टोकाची जोडणी एका प्रकारची, माणसाच्या नाक-घशात दुसऱ्या प्रकारची. डुकराच्या श्वसनमार्गात दोन्ही प्रकार सापडतात, त्यामुळे पक्ष्यांचा आणि माणसाचा असे दोन्ही विषाणू डुकरात एकत्र येण्याची शक्यता राहते.

अमेरिकेतल्या आयोवाच्या डुकरांत फ्लूसारखा आजार १९१८ च्या महासाथीच्या वेळीच एका पशुवैद्यकाच्या लक्षात आला होता. डुकरातला विषाणू वेगळा काढला तो रिचर्ड शोप यांनी, १९३१ च्या सुमारास. माणसातला फ्लू विषाणू त्यानंतर, १९३३ मध्ये हाती आला. २००९ चा एच१एन१ विषाणू याच वंशातला. उत्तर अमेरिकेतल्या डुकरांतला एक विषाणू आणि युरोप-आशियातल्या डुकरांतला दुसरा यांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन तो तयार झाला. ११ जून २००९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. भारतातला त्याचा पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात झाला आणि शहराने तोंडाला रुमाल बांधले. पण तोवर हा माणसाकडून माणसाला होणारा आजार बनला होता. पुण्यातल्या साथीत डुकरांचा हात नव्हता. इजिप्तने देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारली, त्याने साथीला काही फरक पडला नाही. पुढे तर उलटेच झाले: जगभर अनेक ठिकाणी माणसांनीच हा विषाणू डुकरांना दिला.

डुकरात फ्लूने मृत्यू कमी होतात, त्यामुळे मरतुकीचा आकडा इथे कामाचा नाही. प्रत्येक डुकराला धरून नाकात बोळा घालणे कष्टाचे आणि डुकराला त्रासाचे. म्हणून एक सोपी युक्ती वापरली जाते. गोठ्यात सुती दोरखंड टांगायचा. डुकरे स्वभावतःच तो चघळतात. अर्ध्या तासाने दोरखंड काढून पिळायचा आणि त्यातली लाळ तपासायची. अख्ख्या कळपाचा एक नमुना मिळतो. अमेरिकेत २००९ नंतर अशी देखरेख वाढवली गेली, ती ऐच्छिक ठेवून आणि शेतकऱ्याचे नाव उघड न करता. कारण ‘स्वाइन फ्लू’ या नावानेच डुकराच्या मांसाचे भाव पडले होते. नाव बाहेर येणार असेल तर नमुना कोण देणार?

त्या नमुन्यांचा उपयोगही झाला. २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या जत्रांमध्ये डुकरे पाहायला आणि हाताळायला आलेल्या तीनशेहून अधिक लोकांना, त्यातही प्रामुख्याने मुलांना, डुकरांतल्या एच३एन२ ची लागण झाली. हा विषाणू कुठून आला ते ओळखायला डुकरांमधल्या विषाणूंची आधीची नोंद हाताशी होती.

गायींनी दिलेला धक्का

गायीला बर्ड फ्लू होईल असे २०२४ पर्यंत फारसे कोणी धरून चालले नव्हते. त्या वर्षाच्या सुरुवातीला टेक्ससच्या दुग्धशाळांतल्या गायी चारा कमी खाऊ लागल्या, दूध घटले, आले ते घट्ट आणि पिवळसर, चिकासारखे. कासदाहाच्या नेहमीच्या चाचण्यांतून उत्तर मिळेना. सुगावा लागला तो मांजरांमुळे. गोठ्यातल्या, कच्चे दूध प्यायलेल्या मांजरी मरू लागल्या. दुधाचे आणि मांजरांचे नमुने आयोवा राज्य विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेले आणि एच५एन१ सापडला. २५ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या कृषी खात्याने ते जाहीर केले.

गायीच्या नाकात विषाणू फारसा नव्हता, कासेत प्रचंड होता. कासेतल्या पेशींवर पक्ष्यांसारखीच सियालिक आम्लाची जोडणी भरपूर असते. त्यामुळे प्रसाराची वाटही वेगळी निघाली: एका गायीचे सड सोडून दुसरीला लावलेले दूध काढायचे यंत्र, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्या, वरून धडधाकट दिसणाऱ्या गायी. पुढच्या वर्षभरात हा विषाणू डझनाहून अधिक राज्यांतल्या शेकडो कळपांत पोहोचला. गोठ्यावर आणि पोल्ट्रीत काम करणाऱ्या अनेकांना लागण झाली, बहुतेकांचे डोळे लाल होण्यापलीकडे आजार गेला नाही. पाश्चरायझेशनने विषाणू निष्क्रिय होतो. दूध चांगले उकळले तरी तेच.

इथे देखरेखीची जागा बदलली. एकेक गाय तपासण्यापेक्षा डिसेंबर २०२४ पासून अमेरिकेत दूध प्रक्रिया केंद्रांच्या टाक्यांमधले दूध नियमित तपासायला सुरुवात झाली. टाकीत विषाणूचे अंश सापडले की मागे मागे जात गोठा शोधायचा. जानेवारी २०२५ मध्ये याच तपासणीतून नेवाडात एच५एन१ ची एक वेगळी जात गायींमध्ये सापडली. म्हणजे पक्ष्यांकडून गायींकडे विषाणू एकदाच गेला नव्हता. ही गोष्ट आजारी गायी मोजून इतक्या लवकर कळली नसती.

नमुन्याचा प्रवास

महाराष्ट्रात एखाद्या गावात कोंबड्यांची असाधारण मरतूक झाली की पहिली खबर जाते जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, तिथून पशुधन विकास अधिकाऱ्याकडे. नमुने घेणारा माणूस अंगभर संरक्षक पोशाख घालतो. कोंबडीच्या घशातून आणि गुदद्वारातून बोळा फिरवून घेतला जातो, विषाणू टिकवून धरणाऱ्या द्रवाच्या कुपीत ठेवला जातो, कुप्या बर्फाच्या डब्यात. थंडावा तुटला तर विषाणू असूनही चाचणीत दिसणार नाही. डबा पुण्याच्या औंधमधल्या रोग अन्वेषण विभागात जातो आणि अंतिम शिक्कामोर्तब भोपाळला होते. तिथली संस्था आता राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्था म्हणून ओळखली जाते आणि बर्ड फ्लूसाठी जागतिक पशुआरोग्य संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा आहे.

प्रयोगशाळेत आधी आरटी-पीसीआर होते. पहिली चाचणी ए गटातल्या सगळ्या विषाणूंत जवळजवळ सारख्या असलेल्या जनुकाची. ती होकारार्थी आली की पुढच्या चाचण्या: एच५ आहे, एच७ आहे की एच९. मग फलित अंड्यात विषाणू वाढवला जातो आणि शेवटी त्याच्या आठही तुकड्यांचा जनुकक्रम वाचला जातो. या वाचनात कापणीची जागा कशी आहे, सस्तन प्राण्यांशी जुळवून घेणारे बदल आहेत का, औषधांना दाद देईल का, आणि हा विषाणू कोणत्या देशातल्या विषाणूचा नातेवाईक आहे, हे कळते. पशुधनातले हे जनुकक्रम जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत वर्षातून दोनदा पाहिले जातात, आणि त्यांतून माणसांसाठी लागलीच तर उपयोगी पडेल अशी लस कोणत्या विषाणूपासून बनवायची ते ठरते.

किती नमुने घ्यायचे, यामागेही गणित आहे. मोठ्या कळपात शंभरातले दहा पक्षी बाधित असतील तर ३० पक्षी तपासून एकही बाधित न सापडण्याची शक्यता सुमारे चार टक्के. पण शंभरातला एकच बाधित असेल तर तेवढ्याच खात्रीसाठी सुमारे ३०० पक्षी तपासावे लागतात. म्हणून ‘तपासले, काही सापडले नाही’ या वाक्याचा अर्थ किती तपासले यावर ठरतो.

सापडल्यानंतर

निदान झाले की बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरपर्यंतचा भाग बाधित क्षेत्र आणि दहा किलोमीटरपर्यंतचा देखरेखीचा भाग ठरतो. आतल्या वर्तुळातले सगळे पाळीव पक्षी मारून खोल खड्ड्यात चुन्यासह पुरले जातात, अंडी आणि खाद्य नष्ट केले जाते, शेड निर्जंतुक होते. बाहेरच्या वर्तुळात काही महिने नमुने घेतले जातात.

लस का देत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक साथीत विचारला जातो. लस दिलेली कोंबडी मरत नाही, पण काही वेळा विषाणू बाहेर टाकू शकते. म्हणजे मरतूक हे लक्षणच हातातून जाते. शिवाय निर्यातीवर निर्बंध येतात. दुसरी बाजूही खरी आहे. चीनमध्ये २०१३ पासून एच७एन९ ने पंधराशेहून अधिक माणसांना गाठले. सुरुवातीची काही वर्षे कोंबड्यांत तो इतका सौम्य होता की त्या आजारी दिसतच नव्हत्या. २०१७ च्या शरद ऋतूत कोंबड्यांना व्यापक लस दिली गेली आणि माणसांतली लागण जवळजवळ थांबली. फ्रान्सने २०२३ मध्ये बदकांना लस द्यायला सुरुवात केली. लस दिली तरी देखरेख सुटत नाही, उलट वाढते. कळपात काही पक्षी मुद्दाम बिनलसीचे ठेवून त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. भारतात अतिघातक जातींवर लस दिली जात नाही. इथे जास्त पसरलेल्या सौम्य एच९एन२ वर मात्र भोपाळच्या संस्थेने लस विकसित केली आहे. हा सौम्य विषाणूही माणसात शिरतो: २०१९ मध्ये मेळघाटातल्या एका लहान बाळात तो सापडला होता.

देखरेखीच्या यादीत आता कोंबड्यांशिवाय बरेच काही आले आहे. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये कावळे मरून पडू लागले, तपासात एच५एन१ निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावले. मांसभक्षक प्राण्याला बाधित मांसातून लागण होऊ शकते, म्हणून अशा ठिकाणी आता पिंजऱ्यात टाकायच्या मांसाकडेही पाहावे लागते.

एवढी यंत्रणा उभी असली तरी तिची सुरुवात एका माणसाच्या निर्णयावर टेकलेली आहे: पोल्ट्रीवाला खबर देतो की रातोरात उरलेला माल विकून टाकतो. नुकसानभरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. कागदावर हा नियम लवकर कळवणाऱ्याच्या फायद्याचा आहे. पण दर बाजारभावापेक्षा फार कमी असेल किंवा पैसे वर्षभर अडकले, तर लपवणे स्वस्त पडते आणि विषाणूला आठवडाभराची मोकळीक मिळते. करारावर पक्षी वाढवणाऱ्याचे आणखी अवघड, कारण पक्षी कंपनीचे आणि शेड त्याची. म्हणून भरपाईचा दर आणि ती मिळायला लागणारे दिवस हा खर्चाचा तपशील न मानता रोगदेखरेखीचा भाग मानायला हवा. जनुकक्रम वाचणाऱ्या यंत्राइतकेच त्यावर लक्ष द्यायला हवे, कारण ज्या पक्ष्याची खबरच आली नाही त्याचा क्रम कोणतेही यंत्र वाचू शकत नाही.